जावईबापूंचं वकीलपत्र

जावयाला वकील करू नये, असं कायद्याच्या एकाही पुस्तकात लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर अमरावतीच्या लीलाबाई गावंड्यांचे चार महिने, कितीतरी किलो पुरण आणि किसनरावांच्या पाठीवरच्या घामोळ्यांचा एक अख्खा मोसम वाचला असता.

सुरुवात झाली ती शेजारच्या नत्थुजींच्या गाडीपासून. त्यांचा मुलगा स्वप्निल पुण्याला नोकरीला. त्यानं नवी चारचाकी घेतली आणि जुनी वडिलांच्या दारात आणून उभी केली. नत्थुजींना गाडी चालवता येत नव्हती, पण त्याचं काही विशेष नाही. गाडी आली की तिला जागा लागते, जागा ठरली की तिला गेट लागतं आणि गेट बसलं की कुलूप आपोआपच येतं. दोन घरांच्या मधला नऊ फुटांचा सामाईक बोळ एप्रिलच्या एका सकाळी असा बंद झाला. आत गाडी, बाहेर लीलाबाई.

आता बोळ बंद झाला तर आभाळ कोसळलं का, असं कुणी विचारेल. कोसळलंच. लीलाबाईंचा शिवणवर्ग मागच्या खोलीत चालायचा आणि त्या खोलीचं दार बोळातच उघडायचं. एकोणीस वर्षं मुली बोळातून आल्या, फ्रॉकपासून ब्लाउजपर्यंत शिकल्या आणि बोळातूनच सासरी गेल्या म्हणा ना. आता रस्ता उरला तो एकच: घराचं पुढचं दार, बैठक, स्वयंपाकघर, मग मागची खोली. आणि बैठकीत असायचे किसनराव. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. अमरावतीच्या एप्रिलात निवृत्त माणसाला एकच गणवेश सोसतो, पट्ट्याचा पायजमा आणि बनियन.

पहिल्या दिवशी चौदा मुली एकामागून एक बैठकीतून गेल्या. किसनराव तोंडासमोर पेपर धरून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सदरा घातला. तिसऱ्या दिवशी घामोळ्या. दहाव्या दिवशी मुली नऊच उरल्या, आणि एकीची आई दारातूनच म्हणाली, "बाई, पोट्टीनं दुसऱ्याच्या घरातून असं आरपार जायचं म्हणजे बरं नाई दिसत."

आरपार! एकोणीस वर्षांच्या वर्गाला कुणी असं म्हणावं? लीलाबाईंच्या हातातली कात्री तशीच राहिली. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत वर्गात सात मशिनी आणि एक बाई उरणार, हे त्यांना लख्ख दिसलं.

"मी कोर्टात जाते," त्या म्हणाल्या.

कॉलनीत सल्ल्याला काय तोटा! पुंजारामजी तहसिलीत शिपाई होते, म्हणून कायद्याचं त्यांनाच विचारायचं अशी तिथली पद्धत. ते म्हणाले, "वकील कोटावरून ओयखाचा, बाई. कोट जितका तांबडा पडला तितका वकील मुरला. काळाकुट्ट कोट दिसला का समजा, तो अजून कपाटातच राह्यते." समोरच्या माणिकबाईंचं म्हणणं पडलं की वकील म्हातारा पाहावा, त्याला बसायला खुर्ची देतात. एकानं सांगितलं, मोठ्या आवाजाचा घ्या. दुसऱ्यानं सांगितलं, हळू बोलणारा घ्या, म्हणजे समोरच्याला ऐकूच जात नाही.

एवढ्यात अकोल्याहून मुलीचा, आकांक्षाचा फोन आला. "आई, तू वकील धुंडत काहून फिरून राहिली? घरात वकील आहे ना तुझ्या!"

होताच. जावईबापू शेखरराव अकोल्याला वकील होते. लग्नाच्या पत्रिकेवर नावाच्या पुढेच तसं छापलं होतं. कसले वकील, हे पत्रिकेवर छापत नाहीत आणि सासरवाडीनं विचारायचं नसतं. भांडण अमरावतीचं आणि वकील अकोल्याचा, हे किसनरावांना मात्र अडचणीचं वाटलं नाही. "दर अर्ध्या तासाले गाडी आहे," ते म्हणाले. एकदा गाडीची सोय आहे म्हटल्यावर त्यांच्या दृष्टीनं प्रश्न संपलेलाच असतो.

शेखरराव आले. जावई लग्नानंतर कामासाठी पहिल्यांदाच घरी आलेला. त्याला काय फाईल दाखवायची आधी? पुरणपोळी, कटाची आमटी, पातोडीची भाजी, वर तूप. वकीलपत्रावर सही झाली तीसुद्धा ताटाशेजारीच, आणि सही करताना लीलाबाईंच्या बोटाचं तूप वकीलपत्राला लागून त्यावर बशीएवढा पारदर्शक गोल उमटला. तिकडे किसनराव फी विचारायला म्हणून तीनदा घसा खाकरले. शेखरराव म्हणाले, "मामाजी, घरात काय फी! राहू द्या ते." किसनराव चौथ्यांदा खाकरले, पण ते नुसतेच.

लीलाबाईंच्या शिंपी डोळ्याला एक गोष्ट मात्र तिथल्या तिथे दिसली. जावयाचा कोट काळाभोर होता, आणि मागच्या चिरेवर शिंप्यानं घातलेला फुलीचा कच्चा टाका तसाच होता. नवा कोट अंगावर चढवायच्या आधी तो टाका उसवायचा असतो. म्हणजे या कोटानं अजून कोर्ट पाहिलेलंच नव्हतं! वर्गातल्या एखाद्या पोरीचा असता तर त्यांनी "इकडे ये व" म्हणून खसकन उसवला असता. पण जावयाच्या पाठीला कात्री कशी लावायची? त्यांनी टाका तसाच राहू दिला, ही पहिली चूक.

आणि दुसरी चूक त्याच दुपारी झाली. शेखररावांनी कागद पुढे ओढून विचारलं, "मामी, बोळात आपलं काही बांधकाम वगैरे?"

होतं. दोन वर्षांपूर्वी मुलींना चपला काढायला म्हणून लीलाबाईंनी दाराशी दीड हाताचा सिमेंटचा ओटा बांधून घेतला होता. कुणाला विचारलं नव्हतं. म्हणजे नत्थुजींनी अख्खा बोळ गिळला हे खरं, पण एक घास आपणही आधी घेतला होता. वकील परका असता तर सांगितलंही असतं. जावयाला कसं सांगणार, की तुझ्या सासूनं सामाईक जागेत हात मारलाय?

"नाई जी," लीलाबाई म्हणाल्या. "बोळ पुरा मोकळा हाय." आणि आणखी एक पोळी वाढली.

दाव्यात तसंच लिहिलं गेलं. खाली लीलाबाईंची सही, शपथेवर.

मग सुरू झाल्या तारखा. पहिल्या तारखेला दाखल करून घेणाऱ्या बाबूनं वकीलपत्र उजेडासमोर धरलं आणि विचारलं, "ह्याच्यातून मले माह्या घड्याळात वाजले किती ते दिसून राह्यलं. हे काय हाय?" तूप होतं. नवं वकीलपत्र करा म्हणाला. दुसऱ्या तारखेला जज्जसाहेब रजेवर. तिसऱ्या तारखेला साहेब होते, नत्थुजींचे जाड भिंगांचे वकील होते, लीलाबाई नवी साडी नेसून होत्या, आणि शेखरराव उभे राहिले, पांढरे पडले आणि म्हणाले, "सर, तयारीला वेळ मिळावा." मिळाला. कोर्टात दुसरं काही मिळो न मिळो, वेळ मिळतो.

प्रत्येक तारखेला जावयाचा मुक्काम. प्रत्येक मुक्कामाला स्वयंपाक. कधी रोडगे, कधी मांडे, कधी कोथिंबिरीची सांबारवडी. कुलूप जागच्या जागी होतं आणि जावईबापूंचा शर्ट मात्र पोटावर ताणला जाऊ लागला होता. वर्गात मुली सहा राहिल्या.

तिसऱ्या तारखेलाच एक गोष्ट घडली. लीलाबाई कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक वकीलबाई एका म्हाताऱ्याला झापत होत्या. बाई चाळिशीच्या, आवाज खणखणीत, आणि कोट कोपरांवर विटून पार विटकरी झालेला.

"बाबा, तुमी हे मले पयलेच काहून नाई सांगतलं? समोरच्या वकिलाच्या तोंडून आयकू का मी? तुमच्या चुकीले मी नाई भेत. लपवल्या चुकीले भेते. सांगतली असती तर तिची सोय लावली असती!"

म्हातारा मान खाली घालून उभा. लीलाबाईंना एकदम त्यांचा स्वतःचा वर्ग आठवला. एखादी पोरगी गळा चुकीचा कापते आणि भीतीनं कापड मशिनीखाली दडवते. तेव्हाच दाखवला तर पट्टी लावून गळा वाचवता येतो. दडवला की अख्खा ब्लाउज जातो. एकोणीस वर्षं त्या हेच ओरडत आल्या होत्या, अगदी ह्याच आवाजात.

पाटी वाचून घेतली. अॅड. पौर्णिमा खंडारे. वाचून काय उपयोग? लग्नाचा जावई आणि कोर्टाचा वकील एकच असल्यावर त्यातला एक सोडायचा म्हणजे दुसराही सुटतो. मुलगी काय म्हणेल? दुसऱ्याला वकील करायचं तर पहिल्याचं नाहरकत पत्र लागतं म्हणे. जावयाकडे नाहरकत मागायची?

आणि त्यातच धोंडा लागला.

अधिक महिना. आमच्या वऱ्हाडात धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना, आणि लग्नानंतरचा पहिला धोंडा असला तर विचारायलाच नको. तेहतीस अनारसे, चांदीचं ताम्हण, जोडकपडे. पुढची तारीख नेमकी धोंड्याच्या जेवणाच्या आदल्या दिवशी पडलेली. म्हणजे आज कोर्टात हरवणारा जावई उद्या घरी ओवाळायचा.

त्या तारखेला शेखररावांनी पुन्हा वेळ मागून घेतला. साहेब म्हणाले, ही शेवटची. दहा दिवसांनी युक्तिवाद झालाच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी लीलाबाईंनी कढईत तूप टाकलं आणि पहिला अनारसा सोडला. तो तुपात हसला, म्हणजे फुटून विरघळून गेला. दुसराही हसला. पाचवा हसल्यावर त्यांना रडू यायला लागलं. तेवढ्यात मागच्या भिंतीवरून आवाज आला, "लीलाबाई, तूप लय तापलं व तुमचं. वासावरून कयते मले."

नत्थुजींच्या चतुराबाई. अनारशाचा त्यांच्यासारखा हात अख्ख्या कॉलनीत नाही. आता दावा त्यांच्या नवऱ्यावर लावलेला, हे खरं आहे. पण दावा दाव्याच्या जागी. जावयाचा पहिला धोंडा आणि अनारसे हसून राहिलेत, हे पाहत शेजारीण भिंतीपलीकडे उभी राहील का? बोळाला कुलूप आणि किल्ली नत्थुजींच्या खिशात, म्हणून चतुराबाई रस्त्यानं वळसा घालून पुढच्या दारानं आल्या, किसनरावांनी घाईनं सदऱ्याची बटणं लावली, आणि प्रतिवादीच्या बायकोनं वादीच्या वकिलासाठी अनारसे तळायला घेतले.

"मंग?" झारा फिरवत चतुराबाईंनी विचारलं. "काय बोलणार हायेत जावईबापू तारखेले?"

अशा वेळी गप्प बसावं. पण जावयाचा अभिमान! लीलाबाई म्हणाल्या, "बोलाचं काय त्यात? लिवलंच हाय त्याईनं. आमच्याकडून बोळ पुरा मोकळा हाय म्हनून."

चतुराबाईंचा झारा थांबला. "अन् तुमचा ओटा व?"

लीलाबाईंच्या हातातलं पीठ खाली पडलं.

"आमच्या वकिलानं फोटोच काढून नेला त्याचा," चतुराबाई अगदी निरागसपणे म्हणाल्या. "थे म्हने, बाईनं शपथेवर खोटं लिवलं, आता एकच फोटो दाखवतो अन् दावा गुंडायतो." मग आपण काय बोलून गेलो ते त्यांना उमगलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "बाप्पा! हे म्या सांगाचं नव्हतं वाट्टे."

तेहतीसच्या तेहतीस अनारसे जाळीदार झाले. एकही हसला नाही.

पाटावर जावईबापू बसले. आकांक्षानं दिवा लावला. किसनरावांनी टोपी घातली. लीलाबाईंनी ओवाळलं, आणि ताम्हणातले अनारसे पुढे करता करता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "जावईबापू, म्या तुमच्याशी खोटं बोलली. बोळात आपला ओटा हाय."

शेखररावांनी ताम्हणाकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर उतरत होतं.

"मामी," ते म्हणाले, "मीसुद्धा."

"तुमचाही ओटा हाय?" किसनरावांनी विचारलं.

"नाही हो मामाजी. मला... मला हे येतच नाही. मी प्रतिज्ञापत्रं करतो. भाडेकरार करतो, लग्नाच्या नोंदण्या करतो. ते मला फार चांगलं येतं. पण कोर्टात उभं राहून मी कधी बोललोच नाही. आकांक्षानं फोनवर तुम्हाला सांगून टाकलं होतं. आता सासरी येऊन जावयानं कसं म्हणायचं, की मला येत नाही? प्रत्येक तारखेच्या आधी वाटायचं, आज सांगू. मग तुम्ही पुरणपोळी वाढायच्या."

चार महिने एक सासू आणि एक जावई एकमेकांचा मान राखत होते, आणि त्या मानापायी दोघंही बुडायला निघाले होते! लीलाबाईंना हसू फुटलं. ते थांबेना. मग आकांक्षाला फुटलं. आधी तिनं नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं, तो भाग वेगळा.

"नाहरकत देता का?" लीलाबाईंनी डोळे पुसत विचारलं.

शेखररावांनी पाटावर बसल्या बसल्या लिहून दिली. इतकं सुबक, मुद्देसूद आणि बिनडागाचं नाहरकत पत्र त्या कोर्टानं क्वचितच पाहिलं असेल. कागदाच्या कामात माणूस खरंच हुशार होता. मग त्यांनी सात अनारसे खाल्ले, आणि ते उठले तेव्हा लीलाबाई कात्री घेऊन मागे उभ्या होत्या. "जरा हलू नका." खुंटीवरचा कोट त्यांच्या अंगावर चढवून त्यांनी मागच्या चिरेवरचा कच्चा टाका कचकन कापला. "आता घाला रोज. शिका. कोट वापरल्याशिवाय मुरत नाई."

दुसऱ्या दिवशी लीलाबाई पौर्णिमाताई खंडारेंच्या टेबलासमोर बसल्या. पौर्णिमाताईंनी आधी फी सांगितली, कागदावर लिहून दिली, जे घेतलं त्याची पावती फाडली. किसनरावांनी ती पावती एसटीच्या तिकिटासारखी वरच्या खिशात जपून ठेवली. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना घसा खाकरावा लागला नव्हता.

"आता सांगा," पौर्णिमाताई म्हणाल्या. "पयले तुमची चूक सांगा. त्याईची मी मंग आयकते."

लीलाबाईंनी ओटा सांगितला. अनारसे सांगितले. चतुराबाई काय बोलल्या तेही सांगितलं.

"समोरच्या पार्टीची बायको तुमच्या घरी अनारसे तयत होती?"

"धोंडा होता ना ताई."

पौर्णिमाताईंनी क्षणभर डोळे मिटले. "बरं. आता निकाल लागेपर्यंत चतुराबाईशी भाज्या बोला, हवापाणी बोला, बोळ बोलू नका. अन् जिंकून देता का म्हणून मले विचारू नका. ते साहेबाच्या हातात आहे. मी उभी राहीन, तयारीनं उभी राहीन, एवढं सांगते. आता तीन कामं. दाव्यात चूक कबूल करून दुरुस्तीचा अर्ज मी देते. ओटा तुमी फोडा, दिवसाढवळ्या, फोटो काढून. अन् ले-आउटच्या नकाशाची सही-शिक्क्याची नक्कल आणा. बोळ सामाईक आहे हे तुमच्या तोंडून नाई, नकाशाच्या तोंडून आलं पाहिजे. तो दाव्याले लावलाच नाई कोणी!"

नकाशा आणायला किसनराव गेले. रेकॉर्डचे बाबू भले गृहस्थ होते. म्हणाले, नकाशा आहे. पण वर आहे. वर म्हणजे माळ्यावर. माळ्यावर चढायला शिडी लागते. शिडी दुसऱ्या विभागात गेलेली आहे. ती हवी तर त्या विभागाला पत्र द्यावं लागेल आणि पत्र देणारे साहेब चिखलदऱ्याला गेलेत, दौऱ्यावर. पावसाळ्यात चिखलदऱ्याचे दौरे जरा लांबतात.

किसनरावांनी पस्तीस वर्षं बंद पडलेल्या गाड्यांमागे दुसऱ्या गाड्या सोडल्या होत्या. ते घरी आले, गच्चीवरची लोखंडी शिडी उतरवली, ऑटोच्या टपावर दोरीनं बांधली आणि परत गेले. राजकमल चौकात पोलिसानं थांबवलं. "आजोबा, कुठी चालले शिडी घेऊन?"

"कोर्टाच्या कामाले."

पोलिसानं एकदा शिडीकडे पाहिलं, एकदा किसनरावांकडे, आणि वाट मोकळी करून दिली. एवढ्या वयाचा माणूस कोर्टाच्या कामाला शिडी घेऊन निघालाय म्हणजे प्रकरण आपल्या अखत्यारीतलं नाही, असं त्याला वाटलं असावं. चौथ्या दिवशी नक्कल मिळाली. वरचा शिक्का ठसठशीत होता आणि नकाशात बोळाच्या जागी स्पष्ट लिहिलं होतं: सामाईक रस्ता.

राहिला ओटा. तो फोडण्यापुरतं नत्थुजींनी कुलूप काढून दिलं, तेही सगळी कॉलनी पाहत असताना. लीलाबाई स्वतः हातोडा घेऊन बसल्या. सिमेंट कसलं पक्कं! हातोड्यानं नुसते टवके उडत होते. नत्थुजी गाडीला टेकून पाहत होते. बाईनं हार मानली, आपल्या हातानं आपला ओटा फोडून राहिली, हे पाहून त्यांचं मन इतकं भरून आलं की ते घरात गेले आणि पहारीसारखी जड सब्बल घेऊन आले.

"घ्या वयनी. हातोड्यानं नाई होत ते."

लीलाबाईंनी सब्बल घेतली. पहिल्या घावात ओट्याला भेग गेली. किसनराव मोबाइलनं फोटो काढत होते, आणि नत्थुजी आपणहून फोटोत येऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. ओटा संपल्यावर त्यांनी सब्बल परत नेली आणि गेटला पुन्हा कुलूप घातलं.

तारखेच्या दिवशी अकराच्या ठोक्याला पौर्णिमाताईंनी दुरुस्तीचा अर्ज, शपथपत्र, नकाशा आणि फोटो दाखल केले. एक संच समोरच्या वकिलांच्या हातात दिला. जाड भिंगाच्या वकिलांनी तो न वाचता फाईलीत खोवला. त्यांच्याकडे स्वतःचा एक फोटो होता ना. माणसाकडे असा हुकमी फोटो असला की वाचन कमी होतं.

ते उभे राहिले. "सर, या बाईंनी शपथेवर लिहून दिलं की बोळात त्यांचं बांधकाम नाही. आणि हा पाहा ओटा!" त्यांनी फोटो साहेबांसमोर ठेवला आणि कोर्टभर नजर फिरवली. शेवटच्या बाकावर नत्थुजी कसनुसे हलले.

पौर्णिमाताई संथपणे उठल्या.

"सर, पक्षकाराची चूक होती. ती आम्ही आज शपथपत्रानं कबूल केली आहे. ओटाही फोडला आहे. फोटो पान सातवर आहे, प्रत विद्वान मित्रांच्या फाईलीत आहे. फोटोत ओट्याशेजारी उभे आहेत ते प्रतिवादी स्वतः." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "आणि सर, सब्बल प्रतिवादींचीच आहे."

साहेबांनी पान सात उघडलं. बराच वेळ पाहिलं. मग चष्म्यावरून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. "तुम्हीच का हे?"

नत्थुजी उभे राहिले. "हाओ साहेब. हातोड्यानं होत नव्हतं न."

आधी बाबू हसला. मग मागचे बाक हसले. जाड भिंगाचे वकील वळून आपल्या पक्षकाराला दातांतल्या दातांत म्हणाले, "मला सांगायचं नाही का हो?"

"तुमी विचारलंच नाई," नत्थुजी म्हणाले.

व्हरांड्यातल्या त्या म्हाताऱ्याची लीलाबाईंना आठवण झाली. नत्थुजींची त्यांना दयाच आली, अगदी मनापासून, पण थोडा वेळच.

साहेबांनी नकाशा पाहिला आणि हुकूम झाला: दाव्याचा निकाल लागेपर्यंत सामाईक रस्त्याला कुलूप लावायचं नाही, येण्याजाण्याला अडथळा करायचा नाही. गाडी स्वतःच्या अंगणात.

बाहेर आल्यावर लीलाबाईंनी पिशवीतून डबा काढला. पौर्णिमाताईंनी हात वर केला. "फी दिली, पावती घेतली. आता अनारसे कायले?"

"फीचे नाईत, ताई. हसले नाईत म्हणून आणले."

पौर्णिमाताईंनी दोन घेतले. तेवढ्यात लीलाबाईंची नजर त्यांच्या कोटाच्या कोपरावर गेली. "हे कोपर आतून फाटलं हाय. एक दिवस द्या मले. तांबडा रंग जाऊ देत नाई, फकस्त अस्तर बदलवते."

"आधी दावा संपू द्या," पौर्णिमाताई म्हणाल्या. पण कोट काढून दिला.

संध्याकाळी अकोल्याहून फोन. शेखररावांनी हुकमाची सगळी वाक्यं दोनदा वाचून घेतली. ते आता एका दिवाणी वकिलांकडे सकाळी शिकायला जात होते, कोट घालून. "मामी," ते म्हणाले, "दिवाळीला येऊ ना? नुसता जावई म्हणून."

"या. पोळ्या करते. सही कोठीच घेणार नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजींनी स्वतःच्या हातानं कुलूप काढलं. गाडी ढकलत अंगणात नेताना एकटं होईना, तेव्हा मागून जोर द्यायला किसनरावच गेले. चतुराबाईंनी भिंतीवरून दोघांना चहा दिला. दहा वाजता बोळाच्या तोंडाशी पहिली मुलगी दिसली, मग दुसरी, मग सोडून गेलेल्यांपैकी तिघी, आणि त्यांच्यामागून आरपार म्हणणारी ती आईसुद्धा, धाकटीचं नाव घालायला.

लीलाबाई दारात उभ्या होत्या. ओट्याऐवजी त्यांनी एक जुनी सतरंजी टाकली होती, चपलांसाठी, दाराच्या आत.

बैठकीत किसनराव उठले. सदऱ्याची बटणं सोडली, एकेक करून, सावकाश. सदरा खुंटीला टांगला. बनियनवर खिडकीशी येऊन बसले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा फलाटावरच्या भरदार आवाजात बोलले:

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. शिवणवर्गाकडे जाणारी दहाची गाडी बोळातून सुटत आहे. बैठकीत कोणीही उतरू नये."